द्राक्षमळा, वाइनरी आणि उन्हाळ्यातला पेला

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वाइन हा शब्द उच्चारला की समाजवादी कार्यकर्त्यांच्या बैठकीत दोनच प्रतिक्रिया उमटतात. ज्येष्ठांच्या कपाळावर आठी पडते आणि तरुण मंडळी एकमेकांकडे पाहून हसतात. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपर मार्केटमध्ये वाइन विकण्यास मुभा देण्याचे ठरविले, तेव्हा हेच दृश्य साऱ्या महाराष्ट्रात दिसले. एका बाजूने सांगण्यात आले की वाइन म्हणजे दारू नव्हे, तो शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा प्रश्न आहे. दुसऱ्या बाजूने सांगण्यात आले की किराणा मालाच्या पिशवीतून व्यसन घरात शिरेल. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय अंमलात आला नाही आणि वादही विरून गेला. ह्या सगळ्या गदारोळात शेतकऱ्याचे नाव दोन्ही बाजूंनी घेतले, परंतु वाइनचे द्राक्ष कोण लावतो, ते कोण तोडतो, त्याला किलोमागे किती पडतात आणि ते केव्हा हाती येतात, ह्याची चौकशी मात्र अपवादानेच झाली.

ती चौकशी करण्यापूर्वी एक मुद्दा निकालात काढलेला बरा. वाइन ही दारूच आहे. बारा टक्के मद्यार्काच्या वाइनच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ९० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. १५० मिलिलिटरच्या पेल्यात १८. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या मापात तो २५ मिलिलिटरच्या थोडा वर भरतो. म्हणजे फरक प्रमाणाचा आहे, जातीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. 'वाइन हृदयाला चांगली' हे वाक्य जाहिरातवाल्यांकडेच राहू द्यावे. उन्हाळ्यात तहान भागविण्याचे काम तर ती मुळीच करीत नाही. ते काम ताक, पन्हे आणि सोलकढी ह्यांचे. मद्यार्क उलट शरीरातील पाणी बाहेर काढतो. जे पीत नाहीत त्यांनी ह्यामुळे प्यावे असे काहीच सिद्ध होत नाही. पण जे पितात त्यांनी काय प्यावे, कोठले प्यावे आणि त्यामागे कोणाचे श्रम आहेत, हा विचार करण्यास त्याने अडथळाही येत नाही.

आता मळ्याकडे वळू. युरोपातील वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात जागी होते आणि सप्टेंबरच्या आसपास तिची द्राक्षे तोडली जातात. महाराष्ट्रातील वेलीला झोप अशी नाहीच. म्हणून शेतकरी तिची वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तीतून येणाऱ्या काड्यांत पुढच्या हंगामाचे घड दडलेले असतात. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, जिला मळ्यातील माणसे गोडी छाटणी म्हणतात. पावसाळ्यात वेल हिरवीगार दिसते, पण तिच्यावर फळ नसते. तोडणी जानेवारीत सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते. निफाडला थंडीत पारा कधी पाच अंशांच्याही खाली जातो, आणि घड पिकत असताना फेब्रुवारीअखेर दुपारचे ऊन तीस अंशांच्या पुढे गेलेले असते. म्हणजे फ्रान्समध्ये द्राक्ष थंडीच्या दिशेने पिकते, नाशिकला उन्हाळ्याच्या दिशेने.

ह्या एका गोष्टीतून पुढचे पुष्कळसे उलगडते. द्राक्षात दोन मुख्य आम्ले असतात. त्यांपैकी मॅलिक आम्ल उष्णतेत झपाट्याने जळून जाते. साखर वाढत जाते, आंबटपणा उतरत जातो. आंबटपणा गेला की वाइन पेल्यात निर्जीव लागते, लिंबू न पिळलेल्या सरबतासारखी. म्हणून उष्ण प्रदेशात द्राक्ष थोडे अगोदर तोडावे लागते. तेही पहाटे किंवा रात्री, दिवे लावून, म्हणजे घड गार असतानाच कारखान्यात पोहोचतात. आणि म्हणूनच जी जात मुळातच आंबटपणा धरून ठेवते ती येथे अधिक यशस्वी होते. शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ ह्या दोन पांढऱ्या जाती नाशिकला रुजल्या त्या ह्यामुळे. दोन्हींचा फ्रान्समधील लुआर नदीच्या खोऱ्याशी जुना संबंध. गोदावरीच्या खोऱ्यात त्यांनी घर केले ते १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात, राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात 'सुला'ची लागवड केली तेव्हापासून.

तेव्हा स्थानिक वाइन आणि उन्हाळा ह्यांची सांगड निव्वळ विक्रीकलेची नाही. ती ह्या मातीच्या हवामानातूनच आलेली आहे. उन्हाळ्यासाठी बाटली निवडताना पहिली पसंती पांढऱ्या वाइनलाच द्यावी. सोव्हिन्याँ ब्लाँ कोरडी असते, म्हणजे तिच्यात साखर जवळजवळ उरलेली नसते. तिला कापलेल्या गवताचा, हिरव्या मिरचीच्या देठाचा, कच्च्या पेरूचा वास येतो. कोथिंबीर वडी, तळलेला बोंबील, लिंबू पिळलेली कोशिंबीर ह्यांच्याबरोबर ती शोभते. शेनिन ब्लाँ अधिक मऊ. येथील बहुतेक वाइनरी तिच्यात किंचित गोडवा ठेवतात. जाणकार म्हणविणारे त्या गोडव्याला नाके मुरडतात. पण मराठी जेवणातल्या तिखटाचा विचार केला तर तो गोडवाच कामाचा ठरतो. मद्यार्क जास्त असला की तिखट अधिक झोंबते, आणि लाल वाइनमधला तुरटपणा त्या झोंबण्याला आणखी कडवट करतो. थोडी साखर मात्र ते शमविते. मालवणी कालवण किंवा खानदेशी शेवभाजी पानात असेल, तर महागड्या लाल बाटलीपेक्षा साधी गार शेनिन अधिक समाधान देईल. ह्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. पॅरिसच्या माणसाने आपल्या जेवणासाठी जे नियम केले ते कोल्हापूरच्या पंगतीला लागू पडलेच पाहिजेत, असा कायदा कोणी केलेला नाही.

तिसरी निवड रोझे, म्हणजे गुलाबी वाइन. काळ्या द्राक्षाचा रस सालीबरोबर थोडाच काळ ठेवला की रंग येतो, तुरटपणा फारसा येत नाही. झिनफँडेल आणि शिराझ ह्या जातींपासून नाशिक भागात ती होते. चौथी फेसाळणारी. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून ती करतात. आंबटपणा टिकविण्यासाठी तिची द्राक्षे सर्वांत अगोदर तोडतात, त्यामुळे नाशिकच्या हंगामाला ती सोयीची पडते. दिंडोरी तालुक्यात एका मोठ्या फ्रेंच कंपनीने अशाच वाइनसाठी कारखाना काढला तो काही केवळ मजुरी स्वस्त म्हणून नव्हे; अर्थात मजुरी स्वस्त आहे हेही तिला ठाऊक असणारच. लाल वाइन उन्हाळ्यात घ्यावयाचीच असेल तर हलकी घ्यावी आणि ती तासभर थंड कपाटात ठेवून बारा ते चौदा अंशांवर आणावी. पांढरी व गुलाबी आठ ते दहा अंशांवर, फेसाळणारी त्याहूनही थोडी गार. 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हे वचन थंड देशातील दगडी घरांना उद्देशून आहे. मे महिन्यातल्या जळगावच्या खोलीला ते लावू नये.

बाटलीवर द्राक्षाच्या तोडणीचे वर्ष असते, ते पाहावे. अशा पांढऱ्या आणि गुलाबी वाइन ताज्याच चांगल्या. वर्षा-दोन वर्षांपेक्षा जुनी बाटली सवलतीत मिळत असेल तर तिचे कारण बहुधा बाटलीतच असते. दुकान कसे आहे हेही पाहावे. पत्र्याखालच्या, विना-पंख्याच्या दुकानात दोन उन्हाळे काढलेली बाटली शिजलेली असते. मोटारीच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या बाटलीचीही तीच गत. फिरकीच्या झाकणाची बाटली स्वस्तातली, हा समज चुकीचा आहे. आपल्या हवेत बुचापेक्षा ते झाकण अधिक भरवशाचे. आणि 'पोर्ट' ह्या नावाखाली मुंबई-गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या विकल्या जाणाऱ्या गोड लाल वाइनचा पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातील पोर्टशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. ती स्वस्त असते एवढेच तिच्या बाजूने म्हणता येईल. उन्हाळ्यात तर तिच्या वाटेला जाऊ नये.

वाइनरी पाहावयास जाणाऱ्यांनी महिना विचारपूर्वक निवडावा. शहरातले लोक मे महिन्याच्या सुटीत जातात आणि खरड छाटणी झालेल्या वेलींचे खुंट व नुकते फुटलेले कोंब पाहून परततात. द्राक्ष पाहावयाचे तर जानेवारीअखेर ते मार्चच्या आरंभी जावे. मुंबईहून आग्रा रस्त्याने निघाले की इगतपुरी तालुक्यात सांजेगाव लागते, नाशिक शहराला लागून गंगापूर, उत्तरेस दिंडोरी, पूर्वेस निफाड. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूला इटालियन भागीदारांनी मोहिते-पाटील कुटुंबाबरोबर 'फ्रातेल्ली' उभी केली; सांज्योवेझे ही इटलीची जात तेथे माळशिरसच्या उन्हात वाढते. बहुतेक ठिकाणी थोडे पैसे घेऊन चार-पाच प्रकार चाखावयास देतात आणि कारखाना दाखवितात. चाखणे म्हणजे गिळणे नव्हे. शेजारी थुंकण्याचे भांडे मागितले तर कोणी हसत नाही, आणि मोटार चालविणाऱ्याने ते मागावेच. पोलादी टाक्या, त्यांना वेढणारी थंड पाण्याची आवरणे, ओक लाकडाची पिंपे हे सगळे मार्गदर्शक उत्साहाने दाखवितो. त्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत: ही द्राक्षे कंपनीच्या स्वतःच्या मळ्यातील की करारावरच्या शेतकऱ्यांची? आणि शेतकऱ्याला पैसे किती दिवसांत मिळतात? पहिल्याचे उत्तर मिळते. दुसऱ्यापाशी मार्गदर्शक बहुधा पुढच्या दालनाकडे वळतो.

दुसऱ्या प्रश्नामागे इतिहास आहे. महाराष्ट्रातील आधुनिक वाइनचा आरंभ नाशिकला नव्हे, जुन्नर तालुक्यातील नारायणगावला झाला. १९८० नंतरच्या दशकात शामराव चौगुले यांनी तेथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने 'ओमर खय्याम' नावाची फेसाळणारी वाइन तयार केली आणि ती परदेशी पाठविली. पुढे २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केले. उत्पादन शुल्क माफ झाले, वाइनरीला लघुउद्योगाच्या सवलती मिळाल्या, निफाड तालुक्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क आखण्यात आले. वाइनरी भराभर निघाल्या. कराराचा कागद हातात धरून शेतकऱ्यांनी खाण्याच्या द्राक्षांच्या जागी वाइनच्या जाती लावल्या. मग २००८ चे जागतिक आर्थिक अरिष्ट आले, त्याच नोव्हेंबरात मुंबईवरील हल्ला झाला, हॉटेले ओस पडली, टाक्या भरलेल्या राहिल्या. नारायणगावची ती सर्वांत मोठी कंपनी कर्जात बुडून अवसायनात गेली. अनेक लहान वाइनरी बंद पडल्या. ज्यांची द्राक्षे कोणी उचलली नाहीत त्यांनी वेली उपटल्या. खाण्याचे द्राक्ष निदान बाजार समितीत नेता येते, बेदाणा करता येतो. कॅबर्नेचे बियाळ, जाड सालीचे, आंबट-गोड मणी कोण घेणार? वाइनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक एकच, आणि ते गिऱ्हाईक रुसले की शेतकऱ्याला दुसरे दार नाही. अर्थशास्त्रात ह्याला एकग्राहक बाजार म्हणतात.

तरीही शेतकरी हे पीक घेतो, आणि तो काही भोळा नाही. खाण्याच्या द्राक्षाला विरळणी करावी लागते, मणी फुगविण्यासाठी घड संजीवकात बुडवावे लागतात; वाइनच्या द्राक्षाला मणी लहानच हवा, म्हणून हा खर्च वाचतो. निर्यातीची धास्ती नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट ह्या संजीवकाचा अंश सापडला म्हणून युरोपने नाशिकची द्राक्षे अडविली आणि निर्यातदार शेतकरी अक्षरशः धुऊन निघाले. तसला प्रसंग वाइनच्या मळ्यावर येत नाही. भाव आगाऊ ठरलेला असतो. केवडा, भुरी आणि अवकाळी गारपीट ह्यांतून जे वाचेल त्याला निदान ठरलेली किंमत आहे, हे आश्वासन लहान नाही. मात्र राज्यातील एकूण द्राक्षक्षेत्रात वाइनच्या जातींचा वाटा अगदीच किरकोळ आहे. वाइन खपली की द्राक्षशेतकरी तरेल, हे २०२२ सालचे विधान म्हणूनच हिशेबात बसत नाही.

हिशेब बाटलीचाही मांडून पाहावा. एका बाटलीला साधारणपणे किलोभर किंवा थोडे अधिक द्राक्ष लागते. किलोला पन्नास रुपये धरले, तरी आठशे रुपयांच्या बाटलीत शेतकऱ्याचे साठएक रुपये असतात, शंभरातले सात किंवा आठ. त्या साठांतूनच औषधे, पाणी, तारा, आणि छाटणी-तोडणीची मजुरी. छाटणीच्या टोळ्या पेठ, सुरगाणा आणि गुजरातेतील डांग भागातून येतात. पावसाच्या भातानंतर घरी काम नसते म्हणून ही आदिवासी कुटुंबे उतरतात, हंगामभर मळ्याच्या कडेला राहतात. रात्रीच्या तोडणीची मौज वाइनरीच्या पत्रकांत छापलेली असते. रात्रपाळीची मजुरी वेगळी दिली जाते की नाही हे त्यांत नसते. ह्याच बाया गावी परतल्यावर आडवी बाटली करून देशी दारूचे दुकान बंद पाडण्यासाठी मतदानाच्या रांगेत उभ्या राहतात. त्यांत विसंगती शोधणाऱ्याने अगोदर त्यांच्या घरात एक रात्र काढावी.

उरलेल्या रकमेत बाटली, झाकण, शीतकरण, वाहतूक, दुकानदार, हॉटेल, जाहिरात आणि सरकार आहे. सरकारच्या वाट्याची गोष्ट विशेष पाहण्याजोगी. वाइनवर वीस टक्के मूल्यवर्धित कर आहे. राज्याच्या प्रोत्साहन योजनेनुसार त्यातील सोळा टक्के उत्पादकाला परत मिळतात. मध्यंतरी थांबलेली ही योजना जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा पाच वर्षांसाठी चालू करण्याचे ठरले. अट एवढीच की द्राक्षे महाराष्ट्रातील असावीत. उत्पादकाला दिलासा हवा, हे मान्य केले पाहिजे. कारण ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाल्यापासून पाच डॉलरहून अधिक किमतीच्या ऑस्ट्रेलियन बाटलीवरील आयात शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आले आणि दहा वर्षांत ते ५० वर यावयाचे आहे. पण हा परतावा सार्वजनिक पैसा आहे आणि तो शेतकऱ्याच्या नावाने दिला जातो. त्याच्या नावाने दिला, तर त्याच्या हाती पडण्याची तजवीजही त्यातच हवी.

तजविजीचा नमुना शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याने उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावयाचे असतात. विलंब झाला तर व्याज. हा नियम सर्वत्र पाळला जातो असे नाही, हे कोल्हापूर-सांगलीच्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. पण नियम आहे म्हणून मोर्चा काढता येतो, आयुक्तांच्या दारात बसता येते. वाइनच्या द्राक्षाला असा आधार नाही. आहे तो खासगी करार, आणि वाद झाला तर दिवाणी न्यायालय.

सहकाराचे काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. तो रास्त आहे. दक्षिण फ्रान्समध्ये बेझिए शहराजवळ मारोसाँ नावाचे गाव आहे. तेथील लहान द्राक्षशेतकऱ्यांनी १९०१ मध्ये 'स्वतंत्र द्राक्षबागाईतदार' अशा अर्थाच्या नावाची संस्था काढली आणि १९०५ मध्ये सर्वांच्या मालकीचा वाइनचा कारखाना बांधला. समाजवादी नेते झाँ जोरेस त्याच वर्षी तो पाहून आले. मारोसाँची वाइन दलालांना टाळून पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक सहकारी भांडारांत जाई; पिकविणारा आणि पिणारा दोघेही श्रमिक, मधला कोणी नाही. दोनच वर्षांनी, १९०७ मध्ये, भाव कोसळल्यामुळे त्याच भागात द्राक्षशेतकऱ्यांचा प्रचंड उठाव झाला. बेझिएच्या सैनिकांच्या एका पलटणीने आपल्याच गावकऱ्यांविरुद्ध उभे राहण्यास नकार दिला. फ्रान्समध्ये आजही वाइनचा मोठा हिस्सा सहकारी कारखान्यांतून निघतो.

महाराष्ट्रात धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे यांनी प्रवरानगरला साखरेत जे केले ते वाइनमध्ये का झाले नाही? कारण साखर अनामिक असते. पोत्यावरचे नाव कोणी वाचीत नाही. वाइन नावावर विकली जाते, आणि नाव उभे करावयास दहा वर्षे व पुष्कळ भांडवल लागते. वेल लावल्यापासून पहिली चांगली बाटली विकेपर्यंतच चार-पाच वर्षे जातात. महाग्रेप्सने १९९१ पासून खाण्याच्या द्राक्षाच्या निर्यातीत सहकारी संस्थांना एकत्र आणले, मोहाडीच्या 'सह्याद्री'ने शेतकऱ्यांच्या कंपनीतून तेच काम पुढे नेले. वाइनमध्ये तसे काही व्हावयाचे तर ब्रँडपासून नव्हे, रसापासून सुरुवात करावी लागेल: शेतकऱ्यांनी मिळून दाबयंत्र आणि थंड टाक्या उभाराव्यात आणि तयार वाइन कंपन्यांना घाऊक विकावी. टाकीतली गार वाइन काही महिने थांबू शकते, तोडलेला घड एक दिवसही थांबत नाही. भावाच्या वाटाघाटीत हा फरक फार मोठा आहे. विंचूर आणि पलूसच्या पार्कांत अपेक्षेइतके कारखाने आलेले नाहीत, तेव्हा जागेची अडचण सांगता येणार नाही.

तोपर्यंत सोळा टक्के परताव्याला दोन अटी जोडण्याची मागणी नाशिक, सांगली, सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांतील शाखांनी करावी. करारातील शेतकऱ्यांचे पैसे तोडणीपासून चौदा दिवसांत चुकते केल्याचा दाखला, आणि तोडणीच्या मजुरांना रात्रीच्या दरासह मजुरी दिल्याचा हजेरीपट. दोन्ही कागद परताव्याच्या अर्जाला जोडावेत, आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. योजनेची पाच वर्षांची मुदत संपण्याआधी, येत्या जानेवारीत पहिला घड तोडला जाण्यापूर्वी, हे निवेदन जिल्हाधिकारी कचेरीत पोहोचलेले असावे.